काळ्या पाषाणाचे शिल्पी : चार्ल्स इडनशॉ

कॅनडा देशाच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडे, पॅसिफिक महासागरांत, हैडा ग्वाई नांवाचा एक द्वीपसमूह आहे. जुन्या नकाशांत तो क्वीन शार्लट बेटें या नांवानें दाखविलेला आढळतो. सन १७८७ त डिक्सन नांवाच्या इंग्रज कप्तानानें आपल्या जहाजाचें नांव त्या बेटांस दिलें, आणि सन २०१० त तें नांव काढून तेथील मूळ रहिवाशांनीं दिलेलें नांव पुन्हां कायम करण्यांत आलें. हैडा ग्वाई म्हणजे हैडा लोकांचीं बेटें. सीडर वृक्षांचीं दाट अरण्यें, तिन्ही त्रिकाळ धुकें, आणि वर्षाचे बहुतेक महिने पाऊस, असा तो मुलूख आहे. कोंकणांतील आमच्या वाचकांस निदान पावसापुरता तरी तो परका वाटणार नाहीं.

या बेटांवरील स्किडगेट गांवीं सन १८३९ च्या सुमारास चार्ल्स इडनशॉ यांचा जन्म झाला. अर्थात् हें नांव त्यांना मागाहून मिळालें. त्यांचें मूळ हैडा नांव आपल्या लिपींत दाहीगांग असें कांहींसें लिहितां येईल. हैडा लोकांत सर्व कुळें गरुड आणि डोमकावळा अशा दोन शाखांत विभागलेलीं असतात, आणि एका शाखेच्या मनुष्यानें दुसऱ्याच शाखेंत लग्न केलें पाहिजे असा कडक नियम असे. मुलाचें कूळ बापावरून नव्हे तर आईवरून ठरे. मलबारांतील नायर लोकांत पूर्वीं जशी चाल होती तशीच ही समजावी. म्हणून नांव, मान, कुलचिन्हें व घराण्याच्या कथा हा सर्व वारसा मामाकडून भाच्यास मिळे. दाहीगांग हे गरुड शाखेंतील एका थोर कुळांत जन्मले, आणि त्यांचे मामा आल्बर्ट एडवर्ड इडनशॉ हे उत्तरेकडील नामांकित सरदार, व्यापारी व स्वतः कोरीवकाम जाणणारे गृहस्थ होते. बाप लहानपणींच वारल्यामुळें भाचा मामांच्या छायेखालीं गेला, आणि तेथेंच त्याचा हात घडला.

आतां ज्या दगडानें या गृहस्थांचें नांव जगभर केलें त्याविषयीं थोडें सविस्तर सांगणें अवश्य आहे. त्यास आर्जिलाइट म्हणतात. नदीच्या किंवा समुद्राच्या तळाशीं अतिसूक्ष्म गाळ थरावर थर बसतो; वरच्या भारानें तो दाबला जातो, त्यांतील पाणी निघून जातें, आणि दीर्घ काळानें त्याचा दगड होतो. आपल्या शाळेंतील दगडी पाटीही मूळ अशाच गाळाची. परंतु पाटीच्या दगडावर पुढें इतका दाब पडलेला असतो कीं त्याचे पापुद्र्यासारखे पातळ तक्ते सुटतात. आर्जिलाइटची गत तेथवर गेलेली नसते. तो पाटीसारखा सहज पदरापदरानें सुटत नाहीं, म्हणून कारागिराला आपलें हत्यार हव्या त्या दिशेनें चालवितां येतें. चिनी मातीच्या भांड्यांत जें खनिज असतें तेंच यांत मुख्यत्वेंकरून आहे. तें स्वभावतः पांढरें, परंतु त्यांत कार्बनचा अंश मिसळल्यामुळें हा दगड काळाभोर दिसतो. कठीणपणा म्हणाल तर आपल्या नखाहून फारसा अधिक नाहीं. वेरुळच्या कारागिरांनीं ज्या पाषाणाशीं झुंज दिली त्याच्यापुढें हा केवळ लोण्यासारखा म्हणावा लागेल.

अशा जातीचे दगड पृथ्वीवर पुष्कळ ठिकाणीं मिळतात. पण हैडा लोकांचा कोरण्याजोगा काळा दगड मात्र स्किडगेटजवळच्या स्लेटचक नांवाच्या डोंगरावरील एकाच खाणींतून येतो. तेथें जाण्यास गाडीरस्ता नाहीं. निसरड्या, चढणीच्या वाटेनें अरण्यांतून वर जावें, पहारीनें लाद्या सुट्या कराव्या, आणि पाठीवर बांधून खालीं आणाव्या, अशी त्या लोकांची पिढ्यान् पिढ्यांची रीत. खाणींतून नुकत्याच निघालेल्या दगडांत ओल असते. तो उन्हांत किंवा चुलीजवळ घाईनें वाळला तर तडकतो, म्हणून त्यास ओलसर गुंडाळून ठेवितात व हळूहळू वाळूं देतात. सुताराच्या करवतीनें तो लांकडासारखा कापतां येतो; नंतर चाकू, पटाशी व बारीक कोरण्या यांनीं आकृति उठवावयाची, आणि शेवटीं घासून घासून अशी झिलई आणावयाची कीं काळ्या ओतीव लोखंडाचा भास व्हावा. डोळ्यांच्या व दांतांच्या जागीं शिंपल्याचे निळेहिरवे तुकडे किंवा हाडाच्या चिपा बसवीत.

हें काम फार प्राचीन असावें असें पाहणारास वाटतें. परंतु तसें नाहीं. हैडा लोकांचें लांकडावरील कोरीवकाम पुरातन खरें, पण काळ्या दगडाचें काम सन १८२० च्या सुमारास भरास आलें, आणि तें मुख्यतः परक्या गिऱ्हाइकांसाठीं. त्यापूर्वीं सुमारें ३०-४० वर्षें गोऱ्या व्यापाऱ्यांचीं जहाजें समुद्रांतील पाणमांजरांच्या मऊ कातड्यांसाठीं या बेटांस येत असत. लोभापायीं तीं जनावरें मारून मारून जवळजवळ नाहींशीं झालीं आणि कातड्यांचा व्यापार बसला. तेव्हां हैडा लोकांनीं दोन नवे धंदे उभे केले: एक बटाट्यांची शेती, आणि दुसरा या दगडाच्या कोरीव वस्तु खलाशांस विकण्याचा. आरंभीं ते तंबाखूच्या चिलमी कोरीत, आणि त्यांतल्या कित्येक इतक्या नाजूक असत कीं त्या ओढण्याच्या उपयोगाच्याच नव्हत्या! त्यांवर गोरे कप्तान, जहाजांचे दोर, डेकावरील खोल्या, कुत्रे, असें सर्व कांहीं उमटलेलें असे. ज्यांनीं आपला देश पाहण्यास यावें, त्यांनाच पाहून घेऊन त्यांचीं चित्रें त्यांस विकावीं, यांतील विनोद आम्हांस फार गोड वाटतो.

दाहीगांग १४ वर्षांचे असतां आजारी पडून अंथरुणास खिळले, आणि त्या पडून राहण्याच्या दिवसांत त्यांनीं आर्जिलाइटचा एक लहानसा स्तंभ कोरला, अशी हकीकत त्यांच्या घराण्यांत सांगत आले आहेत. त्यांच्या जन्माच्या सुमारास गांवोगांव घरांपुढें सीडरच्या अखंड खोडांचे प्रचंड स्तंभ उभे होते. त्यांवर गरुड, अस्वल, बीव्हर, देवमासा अशीं कुलचिन्हें एकावर एक कोरलेलीं असत. असा स्तंभ म्हणजे पूजेची मूर्ति नव्हे. तें त्या घराण्याचें उघड्यावर मांडलेलें दप्तर होय. कोण कोणाचा वारस, कोणत्या कथेवर कोणत्या कुळाचा हक्क, हें सर्व त्यांवरून जाणत्यास कळे. मुलानें पाहिलें तें हें जग. तें किती थोड्या दिवसांचें सोबती आहे याची कल्पना त्या वेळीं कोणासच नव्हती.

सन १८६२ त व्हिक्टोरिया बंदरांत एका जहाजावरून देवीची सांथ आली. त्या शहराच्या आसपास उत्तरेकडील अनेक जातींचे लोक व्यापारासाठीं तळ देऊन राहिलेले होते. त्यांना टोंचण्याची व सांभाळण्याची पुरेशी व्यवस्था करण्याऐवजीं अधिकाऱ्यांनीं त्यांच्या झोंपड्या जाळून त्यांस हांकून लाविलें, आणि रोगी व निरोगी एकाच होडींत बसून शेंकडों मैलांवरील आपापल्या गांवीं परतले. सांथ त्यांच्याबरोबर प्रत्येक गांवीं उतरली. हैडा लोक पूर्वीं हजारोंच्या संख्येनें होते. सन १९१५ च्या सुमारास ते सहाशेंहून कमी उरले. गांवेंच्या गांवें ओस पडलीं, आणि जे वांचले ते हळूहळू स्किडगेट व मॅसेट या दोन ठिकाणीं एकवटले. दाहीगांग त्या सांथीच्या वेळीं विशींत होते. पुढें उभ्या आयुष्यांत त्यांनीं जें काम केलें तें या मरणाच्या छायेंत केलें, हें लक्षांत ठेविल्यावांचून त्यांच्या कामाचें मोल कळावयाचें नाहीं.

मॅसेट येथें सन १८७६ त कॉलिसन नांवाचे मिशनरी आले. त्यांना पाठविणारी चर्च मिशनरी सोसायटी ही तीच, जिनें सन १८५४ त आपल्या नाशिकजवळ शरणपूर वसविलें. पुढें सन १८८५ त दाहीगांग यांनीं बाप्तिस्मा घेतला आणि चार्ल्स हें नांव धारण केलें. त्यांच्या पत्नीचें नांव इझाबेला ठेवण्यांत आलें. मिशनरी मंडळींनीं त्या लोकांस शाळा दिली, औषध दिलें, आणि इतरांनीं पाठ फिरविली असतां त्यांच्यांत राहून त्यांचीं दुःखें वांटून घेतलीं. हें खरें आहे. परंतु आम्ही ख्रिस्ती शिक्षक आहों म्हणूनच दुसरी बाजू झांकून ठेवणें आम्हांस शोभणार नाहीं. त्यांच्यापैकीं पुष्कळांनीं कुलस्तंभांस मूर्तिपूजा समजून तिरस्कारिलें. पॉटलॅच म्हणून त्या लोकांचा मोठा दानसमारंभ असे. त्यांत स्तंभ उभारणें, नांवें देणें, वारस ठरविणें हीं सर्व कृत्यें साक्षीदारांपुढें होत. तो बंद करावा म्हणून ज्यांनीं सरकारकडे खटपट केली त्यांत मिशनरीही होते. सन १८८४ त तसा कायदा झाला, पुढल्या वर्षीं तो अमलांत आला, आणि सन १९५१ पर्यंत तो पुस्तकांतून गेला नाहीं. समारंभ बंद, म्हणून स्तंभ बंद. स्तंभ बंद, म्हणून कोरणारे हात रिकामे. ज्या वर्षीं हा कायदा लागू झाला त्याच वर्षीं चार्ल्स इडनशॉ यांनीं ख्रिस्ताचें नांव घेतलें, ही गोष्ट आमच्या मनास चटका लावून जाते.

त्यांनीं चर्च सोडलें नाहीं, आणि कोरणेंही सोडलें नाहीं. दोहोंत विरोध आहे असें त्यांच्या वागण्यावरून दिसत नाहीं. मोठे स्तंभ उभारतां येत नाहींत तर तेच स्तंभ हातभर उंचीच्या काळ्या दगडांत उतरवावे, आणि ज्या कथा समारंभांत ऐकावयास मिळत नाहींत त्या ताटांवर व पेट्यांवर कोराव्या, असा त्यांचा क्रम दिसतो. खलाशी व प्रवासी त्या वस्तूंस शोभेचें सामान म्हणून घेत. कोरणारास मात्र त्यांतील प्रत्येक रेघ कोणत्या कथेची हें ठाऊक असे. सन १८९४ त मामा वारले आणि इडनशॉ हें सरदारकीचें नांव रीतीप्रमाणें भाच्याकडे आलें. तेव्हां हातांतील काम हें पोटाचें साधन होतेंच, शिवाय तें आतां नांवाचें कर्तव्यही झालें.

इझाबेलाबाई डोमकावळा शाखेंतील होत्या. स्प्रूस वृक्षाच्या मुळ्यांच्या बारीक चिरफळ्या काढून त्यांच्या टोप्या व टोपल्या विणण्यांत त्यांचा हातखंडा होता. त्या विणीत आणि पति त्यांवर तांबड्या व काळ्या रंगांत चित्रें काढीत. टोपीच्या माथ्यावर ते दुरंगी चांदणी काढीत असत, आणि पुढें तीच त्यांच्या हाताची खूण ठरली. उन्हाळ्यांत हें कुटुंब समुद्र ओलांडून मुख्य भूमीवरील मासे डब्यांत भरण्याच्या कारखान्यांकडे जाई. बाई कारखान्यांत काम करीत, आणि चार्ल्स आपल्या कोरीव वस्तु विकीत. चांदीचे डॉलर ठोकून त्यांचीं कडीं करणें व त्यांवर कुलचिन्हें कोरणें यांतही त्यांचा हात कोणी धरूं शकत नसे. हिंवाळा आला कीं पहाटे उठून कामास बसावें आणि दिवस मावळेपर्यंत कोरीत राहावें. त्यांच्या कन्या फ्लॉरेन्स (सन १८९६ ते १९९३) यांनीं वृद्धपणीं सांगितलेल्या आठवणींत बाप असा नित्य कामांत गढलेला दिसतो. त्यांचीं कित्येक मुलें लहानपणींच गेलीं, आणि वयांत आलेला पुत्र पाण्यांत बुडून वारला. केवळ कलेवर संसार चालविणारे हैडा त्या काळीं फारच थोडे होते.

त्यांच्या कामाचा एक नमुना वर्णन करून सांगतों. शिकागो येथील फील्ड संग्रहालयांत त्यांनीं केलेलें आर्जिलाइटचें एक ताट आहे. हैडा लोकांच्या कथांत डोमकावळा हा मोठा लबाड व तितकाच उपकारी आहे; जगांत प्रकाश त्यानेंच चोरून आणला. एकदां तो होडींत बसून, स्त्रीजात ज्यामुळें स्त्रीजात झाली तें आणण्यास एका अद्भुत स्थळीं निघाला. परंतु त्या जागेचें तेज असें कीं सुकाणूवर जो जो बसवावा तो तो जवळ जातांच गारठून जाई. अखेरीस त्यानें झाडाच्या बुंध्यावर वाढणारें एक आळंबें तोडलें, त्यावर तोंड चितारलें, आणि त्यास सुकाणूवर बसविलें. तोच एकटा टिकला! ताटाच्या वाटोळ्या जागेंत होडी, पुढें डोमकावळा, आणि मागें तो गोल तोंडाचा आळंबी-नाखवा, अशी रचना आहे. मागल्या मनुष्याच्या मुद्रेवरील भोळा निश्चय इतका हुबेहूब आहे कीं पाहणारास हंसूं येतें. प्राचीन हैडा शैलींत प्राणी ठराविक आकारांच्या चौकटींत बसविलेले असत. इडनशॉ यांनीं ते आकार तसेच ठेवून त्यांत गति आणि स्वभाव घातला. जुनें मोडलें नाहीं व जुन्याची नक्कलही केली नाहीं, हें त्यांचें वैशिष्ट्य आम्हांस सर्वांत मोठें वाटतें.

विद्वान् लोक त्यांच्याकडे येऊं लागले ते आयुष्याच्या उतरणीस. सन १८९७ त फ्रांझ बोआस या प्रसिद्ध मानववंशशास्त्रज्ञांनीं त्यांस पोर्ट एसिंग्टन येथील कारखान्याच्या गांवीं गांठून हैडा चित्रांचे अर्थ विचारून घेतले. पुढें सन १९०० त जॉन स्वांटन बेटांवर येऊन राहिले. त्यांच्यासाठीं इडनशॉ यांनीं स्तंभांच्या प्रतिकृति व रेखाचित्रें तयार केलीं, आणि तीं न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत गेलीं. ओस पडलेल्या गांवांतील स्तंभ कुजत व विकले जात असतां, ते कोणाचे व कोणत्या अर्थाचे हें सांगणारे जे थोडे जाणते उरले होते त्यांत हे अग्रगण्य. एक मौजेची गोष्ट अशी कीं, बोआस यांनीं एका चित्रित पेटीचा अर्थ त्यांस विचारला असतां इडनशॉ यांनीं चारही बाजूंचे अर्थ सांगितले, आणि बोआस यांनीं सन १९२७ च्या आपल्या ग्रंथांत तें स्पष्टीकरण काल्पनिक ठरविलें. प्रोफेसरांचा निर्णय खरा असेल. तथापि ज्याच्या घरची विद्या त्याच्या शब्दास अधिक वजन द्यावें, असें आमच्या अल्प बुद्धीस वाटतें.

सन १९२० त मॅसेट येथें त्यांचा अंत झाला. मागें त्यांच्या वस्तु लंडन, ऑक्सफर्ड, न्यूयॉर्क, शिकागो, व्हिक्टोरिया अशा शहरांत विखुरल्या होत्या, परंतु त्यांवर त्यांचें नांव नव्हतें. ते सही करीत नसत. तेव्हां एक चमत्कारिक प्रकार घडला. चांगली म्हणून जी हैडा वस्तु दिसे ती लोक इडनशॉ यांचीच म्हणूं लागले, आणि दुसऱ्या गुणी कारागिरांचीं नांवें त्यामुळें झांकून गेलीं. सन १९८१ त बिल होम या अभ्यासकांनीं डोळ्यांची घडण, रेषेचा जाडबारीकपणा, पिसांची ठेवण अशा बारीकसारीक खुणा तपासून त्यांचें काम कोणतें व इतरांचें कोणतें याची छाननी केली. आपण अक्षरावरून विद्यार्थ्याची वही ओळखतों, त्यांतलाच हा प्रकार. त्यांत इडनशॉ यांची कीर्ति उणी झाली नाहीं, आणि दुसऱ्यांस आपला वांटा मिळूं लागला.

कूळ आईचें, म्हणून इडनशॉ यांचीं हत्यारें त्यांच्या बहिणीचे पुत्र चार्ल्स ग्लॅडस्टन यांजकडे गेलीं. त्यांच्या मुलीचा मुलगा बिल रीड (सन १९२० ते १९९८). हे शहरांत वाढलेले, रेडिओवर निवेदकाचें काम करणारे. सन १९५४ त आजोबांच्या अंत्यविधीसाठीं ते स्किडगेट येथें गेले असतां इडनशॉ यांनीं कोरलेलीं दोन कडीं त्यांच्या दृष्टीस पडलीं, आणि तेथपासून त्यांच्या आयुष्यास नवें वळण लागलें. इडनशॉ यांनीं एका आर्जिलाइटच्या पेटीच्या झांकणावर शिंपलीवर बसलेला डोमकावळा व शिंपलींतून डोकावणारीं माणसांचीं तोंडें कोरलीं आहेत; हैडा कथेप्रमाणें पहिले मानव त्या शिंपलींतून निघाले. तोच विषय घेऊन बिल रीड यांनीं सन १९८० त लांकडांत प्रचंड शिल्प पुरें केलें, आणि तें व्हँकुव्हर येथील विद्यापीठाच्या संग्रहालयांत आज कोणासही पाहतां येतें.

फ्लॉरेन्सबाईंचे नातू रॉबर्ट डेव्हिडसन यांनीं तेरा-चौदा वर्षांचे असतां वडील व आजोबा यांजकडून काळा दगड कोरण्याचे धडे घेतले. सन १९६९ त, वयाच्या २२ व्या वर्षीं, त्यांनीं मॅसेट येथें सीडरचा नवा कुलस्तंभ उभारला. त्या गांवांत सुमारें एका शतकांत असा स्तंभ कोणी उभा केलेला नव्हता. दोर कसे ओढावे, नाच कोणते नाचावे, हें म्हाताऱ्यांस आठवून आठवून सांगावें लागलें. तो स्तंभ तेथील चर्चजवळच उभा आहे. स्लेटचक डोंगरावरील खाण सन १९४१ त हैडा लोकांसाठीं राखून ठेवण्यांत आली असून, त्यांच्यावांचून दुसऱ्या कोणास तेथील दगड काढण्याचा अधिकार नाहीं. ते अद्यापि त्याच चढणीनें वर जाऊन लाद्या पाठीवरून खालीं आणतात.